गोठ्यातील नमुना आणि निवडीचा दावा

गायीच्या दुधातील बीटा-केसीन या प्रथिनाचे ए1 आणि ए2 हे प्रकार साखळीतील 67 व्या स्थानावरील एकाच अमिनो आम्लाने वेगळे ठरतात. ए2 मध्ये तेथे प्रोलीन असते, ए1 मध्ये हिस्टिडीन. कोपरगाव परिसरातील संकरित गायींत ए1 चे प्रमाण अकोले तालुक्यातील डांगी गायींपेक्षा जास्त आढळले, तरी तेवढ्यावरून निवडीचा निष्कर्ष काढण्याची घाई पैदासशास्त्राच्या अभ्यासकांनी करू नये, कारण होल्स्टीन-जर्सीच्या रेतमात्रांबरोबर ए1 आपोआपच येतो.

मोटू किमुरा यांनी 1968 मध्ये मांडलेल्या तटस्थता सिद्धांतानुसार बहुतेक रेण्वीय बदलांचा जगण्यावर वा प्रजननावर नगण्य परिणाम होतो आणि त्यांची वारंवारता पिढ्यानपिढ्या योगायोगाने वरखाली होते. यालाच जनुकीय विचलन म्हणतात. वॉटरसन यांनी 1978 मध्ये दिलेली कसोटी, नमुन्यात जितके युग्मविकल्पी, म्हणजे एकाच जनुकाची पर्यायी रूपे, आढळली तितक्यांसाठी तटस्थतेत अपेक्षित समयुग्मजता, म्हणजे दोन्ही युग्मविकल्पी सारखेच असण्याचे प्रमाण, काढून ती प्रत्यक्षाशी ताडते. मात्र ती समतोल आणि यादृच्छिक प्रजनन गृहीत धरते, आणि कृत्रिम रेतनाच्या कळपात यांपैकी काहीच नसते. समजा, 10 वळू आणि 10,000 गायी असतील, तर विचलनाच्या दृष्टीने कळपाची प्रभावी संख्या सुमारे 40 च भरते. इतक्या लहान संख्येत विचलन इतके जोरकस असते, की निवडीची खूण त्यात सहज हरवते किंवा नसलेली निवडही दिसू लागते. शिवाय दोनच युग्मविकल्पी असतील, तर या कसोटीत फारसे बळ उरत नाही.

केसीनची चारही जनुके सहाव्या गुणसूत्रावर लागून असल्याने कॅपा-केसीनवर झालेली निवड बीटा-केसीनलाही ओढून नेते, हेही अनेक अहवालांत सोयीस्करपणे वगळले जाते.

वॉटरसन यांच्या कसोटीपेक्षा लेवॉन्टिन आणि क्राकाउअर यांनी 1973 मध्ये सुचविलेला मार्ग अधिक प्रामाणिक आहे: गटांमधील भेद अनेक जनुकस्थानी मोजावा आणि बीटा-केसीनचा भेद त्या वितरणाबाहेर पडतो का, ते पाहावे. या पद्धतीवरही आक्षेप आले, कारण गटांत समान पूर्वज असले की भेदांचा प्रसार निवडीविनाही वाढतो. एकाच वळूच्या रेतमात्रा गावोगाव पोहोचलेल्या तालुक्यात हा आक्षेप अधिकच लागू पडतो. म्हणून नमुने घेताना प्रत्येक गायीच्या पित्याची नोंद मागावी आणि सावत्र बहिणी असलेल्या गायी गणितातून वगळाव्यात.