गुणांक, अरिष्ट आणि आप्तांचा प्रश्न

रुग्ण अतिदक्षता विभागात असतो आणि त्याचे आप्त वैद्याच्या दारी किंवा औषधालयाच्या गल्ल्यापाशी येऊन उभे राहतात, हा आपणां सर्वांचा अनुभव आहे. हातातील कागदावर ‘अपाची २ : २६’ असे काही लिहिलेले असते. प्रश्न एकच : ‘‘वैद्यराज, आता पुढे खर्च करण्यात अर्थ आहे का?’’ या प्रश्नाचे उत्तर केवळ त्या आकड्यावरून देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

अपाचीची ही दुसरी आवृत्ती १९८५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. दाखल झाल्यापासून पहिल्या २४ तासांतील तापमान, रक्तदाब, श्वसनाची गती, रक्तातील सोडियम, क्रिएटिनिन, शुद्धीची पातळी इत्यादी १२ बाबींची सर्वांत वाईट नोंद घ्यावयाची, तीत वय व जुनाट व्याधी यांचे गुण मिळवावयाचे. एकूण गुण ७१ पर्यंत जातात. १३ रुग्णालयांतील ५,८१५ रुग्णांच्या नोंदींवर तिची पारख झाली. म्हणजे हा आकडा बोलतो तो समूहाविषयी. अमुक गुणांच्या शंभर रुग्णांपैकी पन्नास दगावले, एवढेच तो सांगू शकतो. समोरचा रुग्ण कोणत्या पन्नासांतला, हे त्यात लिहिलेले नसते. शिवाय पहिल्या दिवसानंतर उपचारांना मिळालेला प्रतिसाद त्यात येतच नाही.

‘सोफा’ या दुसऱ्या पद्धतीत फुप्फुस, रक्तस्कंदन, यकृत, रक्ताभिसरण, मेंदू व वृक्क यांना प्रत्येकी ० ते ४ गुण असतात. १९९६ साली ती मांडणाऱ्यांचा हेतू भाकिताचा नव्हता, अवयवांच्या बिघाडाचे वर्णन करण्याचा होता. भाकितासाठी वापर पुढे वाढला. मात्र २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, पहिल्या ४८ तासांत हे गुण वाढत गेले तर आरंभीचा आकडा काहीही असो, निम्मे वा अधिक रुग्ण दगावतात. रोज नाडी पाहणाऱ्यास यात नवल वाटू नये.

‘हे सारे आमच्या इंद्रियस्थानात आहेच’, असे आमचे काही वैद्यबंधू अभिमानाने सांगतात. आम्हांस ते मान्य नाही. चरकांच्या मते अरिष्ट उमटले की मृत्यू निश्चित. फुलामागून फळ न येण्याची शक्यता ते मान्य करतात, अरिष्टाच्या बाबतीत ती नाकारतात. गुणांक मात्र केवळ संभव सांगतो. दोन्हींना एकच मानणे हा दोन्ही शास्त्रांवर अन्याय होय. पण जे अरिष्ट नाही त्यास अरिष्ट समजणे हा प्रज्ञापराध, असेही चरकांनीच बजावले आहे, आणि हा इशारा आकडा पाहून मान हलविणाऱ्या प्रत्येकास लागू पडतो. मरणाची चिन्हे दिसली तरी न विचारता ती बोलू नयेत, विचारले तरी ज्याने रुग्णास वा इतरांस आघात होईल ते उच्चारू नये, हा त्याच स्थानाच्या शेवटच्या अध्यायातील संयमही आपण विसरता कामा नये.

याचा अर्थ आप्तांस खोटा धीर द्यावा असा नाही. काल व आज गुण किती होते, कोणत्या अवयवाचे वाढले, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारावयास त्यांना सांगावे. शक्य तर स्वतः दूरध्वनी करावा.

औषधालयांच्या चालकांसही एक सांगणे आहे. अशा वेळी हेमगर्भाची मात्रा हमखास मागितली जाते. श्वसननलिका घातलेल्या, वृक्क थकलेल्या रुग्णास पारदयुक्त कल्प चोरून चाटविणे अत्यंत धोक्याचे आहे. गिऱ्हाईक गेले तरी चालेल, पण तेथील डॉक्टरांस ठाऊक असल्याखेरीज ती देऊ नये.

राहिला आपला स्वतःचा हिशेब. साध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य की प्रत्याख्येय, हा निर्णय आपण रोज मनात करतो. लिहितो किती जण? अपाचीकर्त्यांनी आधी नोंदी केल्या, मग त्या परिणामांशी ताडून पाहिल्या. आपल्या रुग्णपत्रिकेवर पहिल्याच दिवशी साध्यासाध्यत्वाचा एक रकाना भरावा, आणि वर्षअखेरीस आपले किती अंदाज चुकले ते मोजावे. चुकलेल्यांचीच संख्या आधी कळवावी, अशी सभासदांस विनंती आहे.