नोंद आणि अंमल
संगणकास अक्षरी आज्ञा देण्याचे जे शेल नामक साधन, त्यात लांबलचक आज्ञेस आखूड टोपणनाव ठेवण्याची सोय बिल जॉय यांच्या सी-शेलने 1970 च्या दशकाअखेर रूढ केली. शेल ओळीतील आज्ञेचा पहिला शब्द उचलतो, टोपणनावांच्या यादीत धुंडाळतो, सापडल्यास त्याजागी मूळ मजकूर घालतो, आणि त्या मजकुराच्या आरंभी तोच शब्द पुन्हा आला तर त्याचा विस्तार करीत नाही. अन्यथा ‘एलएस’ या आज्ञेचे पुन्हा ‘एलएस’ करण्यातच बिचाऱ्याचा जन्म जायचा. हा विस्तार ओळ वाचतानाच होतो, आज्ञा चालताना नव्हे. म्हणून बॅशमध्ये एकाच ओळीत नाव ठेवून तेथेच वापरले, तर नोंद होऊनही ते लागू पडत नाही. नोंद आणि अंमल यांतील अंतर महाडला कितीतरी गंभीर अर्थाने ठाऊक आहे: तेथील चवदार तळे अस्पृश्यांस खुले करण्याचा नगरपालिकेचा ठराव 1924 साली दप्तरी लागला, परंतु डॉ. आंबेडकर व त्यांचे अनुयायी यांची ओंजळ त्या पाण्यास लागण्यास 20 मार्च 1927 उजाडावा लागला. शेलला पुढची ओळ पुरते. येथे पालिकेने त्याच वर्षी ऑगस्टात ठरावच रद्द केला, आणि हक्काचा अखेरचा निवाडा मुंबई उच्च न्यायालयात 1937 साली झाला.