वन बीएचकेतलं मांजर

पावसाळा लागला की मुलुंडच्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमधून बारीक 'म्यँव' ऐकू यायला लागतं. कुणाच्या तरी स्कूटरखाली तीन-चार पिल्लं! आणि मग ऑफिसात मला हमखास विचारणा होते, 'अगं, एक घरी नेऊ का?' घरात मांजरं आहेत ना, त्यामुळे मी आपोआप एक्स्पर्ट. तर बॉस, न्या की. पण जरा ऐका.

तळहातावर मावणारं पिल्लू कितीही क्यूट असलं तरी आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नका. दहा-बारा आठवडे थांबलात तर उत्तमच. चावताना जोर किती, नखं कधी आत घ्यायची, हे त्याला आई-भावंडंच शिकवतात. आई दिसत नाही म्हणून लगेच उचलूही नका, ती बहुतेक वेळा खाणं शोधायला गेलेली असते. दोन-तीन तास लांबून नजर ठेवा.

'पर्शियन घेऊ का?' हा दुसरा लाडका प्रश्न. माझं मत विचाराल तर नको. चपट्या नाकामुळे श्वासाला त्रास, डोळ्यांतून पाणी, रोजचं केस विंचरणं, त्यात आपला मे महिना! घ्यायचंच असेल तर २०१८च्या नियमांप्रमाणे पेट शॉपला नोंदणी सक्तीची आहे, तो कागद आधी मागा. त्यापेक्षा पार्किंगमधलं आपलं देशी बेस्ट. डोळे स्वच्छ, नाक वाहत नाही, कानात कॉफीच्या चोथ्यासारखा काळा मळ नाही, एवढं बघा. पोट ढोलासारखं असेल तर बहुधा जंत, ते औषधाने जातात. आणि तीनरंगी पिल्लू जवळजवळ नेहमीच मादी असतं, नाव ठेवताना उपयोगी पडेल. सकाळची लोकल पकडून रात्री आठला घरी येत असाल तर सरळ दोन भावंडं आणा. एकटं पिल्लू दिवसभर बोअर होतं आणि मग सोफ्याचं काही खरं नाही.

खरी गंमत खाण्याची. माझी एक मैत्रीण सर्वोदयनगरला राहते, घर पक्कं शाकाहारी. तिच्या सासूबाई म्हणाल्या, 'दूध-पोळी खाईल की, आमच्या गावाला खायचीच!' अहो आई, गावाकडची मांजरं दूध-पोळीवर नाही, उंदरांवर जगायची. मांजराला टॉरिन नावाचा घटक लागतो, तो मांस-मासळीतच मिळतो. तो कमी पडला की दृष्टी जाते, हृदय कमकुवत होतं. टॉरिन आणि हृदयाचा हा संबंध अमेरिकेतल्या संशोधकांनी १९८७ साली दाखवून दिला. गाईच्या दुधाने तर बऱ्याच मांजरांना जुलाब होतात. यावर उपाय सोपा आहे, घरात काही शिजवायला नको, 'किटन' लिहिलेलं तयार खाणं आणा. मैत्रिणीने बाल्कनीतल्या वेगळ्या कपाटात ते ठेवलं, सासूबाईंनी मान्य केलं. पण घरात तेवढंही चालणार नसेल तर कृपा करून मांजर आणू नका.

कांदा-लसूण विषारी. आणि ताप वाटतोय म्हणून आपली पॅरासिटामॉल कधीच नको, एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते.

पहिल्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. जंतांचं औषध, सहा-आठ आठवड्यांपासून लसी, तीन महिन्यांचं झालं की रेबीजची. पॅनल्युकोपेनिया हा आजार लस नसलेल्या पिल्लाला दोन-तीन दिवसांत नेतो, तेव्हा 'पगार झाल्यावर बघू' नको. आणि पाचव्या-सहाव्या महिन्यात ऑपरेशन करून घ्या. 'अजून लहान आहे' म्हणेपर्यंत ती गाभण राहते आणि नऊ आठवड्यांत पार्किंगचा सीन तुमच्या बेडरूममध्ये!

आता खिडकी. 'मांजर कितीही वरून पडलं तरी पायांवर पडतं' हे ज्ञान देणारे काका प्रत्येक बिल्डिंगमध्ये असतात. न्यूयॉर्कमध्ये पडलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला, त्यातली नव्वद टक्के जगली हे खरं. पण हा हिशोब दवाखान्यापर्यंत पोहोचलेल्यांचा, जागीच गेलेली कोण मोजणार? पिल्लू साध्या ग्रिलमधून आरामात निघतं. कबुतरांसाठी लावतात ती जाळी सगळ्या खिडक्यांना लावून घ्या, पिल्लू आणायच्या आधी. रात्री बाहेर फिरायला सोडायचा विचारही नको. रस्त्यावरच्या गाड्या आहेतच, शिवाय आपल्या पाठीला नॅशनल पार्क आहे. २०१८च्या जानेवारीत बिबट्या थेट नाणेपाड्यात शिरला होता!

सोसायटीचे सेक्रेटरी कुरकुरले तर नम्रपणे सांगा की बहुमताने ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, अशी अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाची २०१५ची मार्गदर्शक सूचना आहे. जिन्यात घाण होणार नाही, ही जबाबदारी मात्र तुमची.

घरी आणल्यावर पहिले दोन-तीन दिवस एकाच खोलीत ठेवा. एका कोपऱ्यात वाळूचा ट्रे, खाणं-पाणी त्यापासून लांब. ते वॉशिंग मशीनच्या मागे जाऊन बसेल. बसू दे. ओढून काढू नका, पाहुण्यांना बोलावून दाखवू नका. तुम्ही जमिनीवर बसून पुस्तक वाचा. आपणहून येईल, आणि मग पहाटे पाचला तुमच्या पायाच्या अंगठ्यावर हल्ला होईल.