फुल्ल व्हॉल्यूम!

ऑक्टोबर 2010 आठवतोय? आपल्या शहरातल्या लोकांनी एका झटक्यात दीडशे मर्सिडीज घेतल्या आणि देशभरचे पेपर आपल्याबद्दल छापत सुटले. मी तेव्हा शाळेत होते. वर्गातला प्रत्येक जण कुणा ना कुणा काकांनी मर्सिडीज घेतल्याचं सांगत होता. मी आपली गप्प! कारण आमच्या दारात उभी होती कॉन्टेसा. 1997 चं मॉडेल, म्हणजे बरोब्बर माझ्याच वयाची.

हिंदुस्थान मोटर्सने 1984 मध्ये आणलेली ही गाडी. मूळ डिझाइन ब्रिटनच्या व्हॉक्सहॉलचं, सत्तरच्या दशकातलं. लांबलचक बॉनेट, रुंद नाक, एकदम दादा लूक. अमेरिकेत 1964 मध्ये पॉन्टिअॅक जीटीओ आणि मस्टँग आल्या, तेव्हापासून तिथे मसल कारचं वेड आहे. आपल्याकडची पोरं कॉन्टेसालाच ‘देसी मसल कार’ म्हणतात. खरं तर त्यांच्याकडे आठ सिलिंडर आणि आमच्याकडे इन-मीन चार! इसुझुचं 1.8 लिटरचं इंजिन. पण रुबाब विचाराल तर तोडीस तोड.

2002 मध्ये कंपनीने कॉन्टेसा बनवणं बंद केलं आणि त्याच वर्षी बाबांनी ती सेकंडहँड घेतली. टायमिंग बघा! त्या गाडीतल्या कॅसेट प्लेअरवर मी लहानाची मोठी झाले. वेरूळ असो नाहीतर पैठण, मागच्या सीटवर मी आणि पुढे आशाताई.

आता मुद्द्यावर येते. बाबा गेल्या वर्षी रिटायर झाले. वाळूजच्या एका कारखान्यात प्रेस शॉपमध्ये आख्खी नोकरी गेली. हल्ली घरी टीव्हीचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू येतो. ‘जेवायला चला’ म्हटलं की ‘कुठे जायचंय?’ असं विचारतात. आम्ही हसायचो. नंतर हसणं बंद झालं, कारण बाबांनी बोलणंच कमी केलं. आणि एक दिवस चहा पिताना म्हणाले, “कॉन्टेसा देऊन टाकू. 2027 ला परत पासिंग आलंय. चालवतंय कोण?”

पासिंगचं गणित खरंच जड आहे. पंधरा वर्षं झालेल्या कारच्या रिन्यूअलची फी 2022 मध्ये ₹600 वरून ₹5,000 झाली. 2025 मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांना ती ₹10,000 केली. पण मला माहीत होतं, प्रश्न दहा हजारांचा नव्हता. कॅसेट प्लेअर कधीचा बंद पडला होता आणि गाणी नसलेली कॉन्टेसा बाबांना नकोच होती.

मी ठरवलं, बाबांच्या वाढदिवसाला गाडीत नवीन सिस्टिम! फ्रीलान्सरच्या बजेटमध्ये बसेल तेवढी, पण एकदम दणदणीत.

शहरातल्या एका चकाचक दुकानात गेले. सेल्समनने आधी “मिस्टर नाही आले का?” विचारलं आणि मग हजार वॉटचा सबवूफर दाखवला. “मॅडम, काचा हलतील काचा!” मी इम्प्रेस. अॅडव्हान्स द्यायला पर्स उघडली आणि सहज विचारलं, हजार वॉट म्हणजे आरएमएस ना? भाऊ गप्प. तर मंडळी, फंडा नंबर एक. खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेला आकडा क्षणभराचा असतो. सिस्टिम सलग किती ताकद देऊ शकते, ते आरएमएस वॉट सांगतात. आणि वॉट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही, फक्त 3 डेसिबल वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात!

त्याच आठवड्यात बाबांना घेऊन कानाच्या डॉक्टरांकडे गेले. ऑडिओग्राम काढला. ग्राफवरची रेघ डावीकडे बऱ्यापैकी वर आणि 4,000 हर्ट्झजवळ धाडकन खाली. डॉक्टर म्हणाले, मशीनच्या गोंगाटात वर्षानुवर्षं काम केलेल्यांचं हे ठरलेलं चित्र. जाडे आवाज ऐकू येतात, पण स, फ, थ, त असली व्यंजनं निसटतात. म्हणून बोलणं ‘ऐकू येतं पण कळत नाही’. गेलेलं ऐकणं परत येत नाही, हिअरिंग एडची मदत मात्र होते.

आणि मी या माणसाला सबवूफर गिफ्ट देणार होते. जे त्यांना छान ऐकू येतं, तेच आणखी जोरात! त्याखाली गाण्याचे शब्द पार बुडाले असते.

मग एका मैत्रिणीने मोंढा नाक्याजवळच्या एका चाचांचा पत्ता दिला. टपरीवजा गॅरेज, पण जुन्या गाड्यांच्या वायरिंगमधला बाप माणूस. मी सगळी कहाणी सांगितली. चाचांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, दार दोनदा उघडून आपटलं, कान लावला आणि म्हणाले, “बेटा, पैले गाडी की आवाज बंद करते, बाद में गाने की चालू करते.”

त्या एका वाक्यात माझं अर्धं बजेट सत्कारणी लागलं. जुन्या गाडीचं दार म्हणजे पत्र्याचा डबा. स्पीकर वाजला की पत्राही वाजतो. चाचांनी दारांच्या आतून अॅल्युमिनियम फॉइलवाल्या बुटाइल रबराच्या शीट चिकटवल्या. पत्र्याला वजन आलं, थरथर थांबली. कडक झालेली बीडिंग बदलली, त्यामुळे वाऱ्याची शिट्टी गेली. सिस्टिम अजून खोक्यातच होती आणि गाडीतला गोंगाट ऑलरेडी कमी झाला होता!

मग वायरिंग. हे पार्ट जरा नीट वाचा, कारण मॉडिफिकेशनच्या नादात गाड्या पेटतात त्या इथेच. चॅनलला 50 आरएमएस वॉटचा चार चॅनलचा अॅम्प्लिफायर फुल्ल वाजवला तर साधारण 25 अँपिअर खेचतो. कॉन्टेसाचे दोन्ही हेडलाइट मिळून नऊ-दहा अँपिअर घेतात. म्हणजे जुन्या गाडीच्या चार्जिंगवर केवढा बोजा! चाचांनी म्हणूनच छोटा अॅम्प निवडला. त्याला जुन्या हार्नेसमधून करंट न देता बॅटरीपासून वेगळी तांब्याची वायर टाकली. (बाजारात वरून तांबं आणि आत अॅल्युमिनियम असलेली वायर स्वस्तात मिळते. मोह टाळा.) बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज. इंजिनकडून केबिनमध्ये जिथे वायर शिरते, तिथे भोकाला रबरी बुश, नाहीतर पत्र्याची धार वायर सोलते. आणि अर्थिंगला रंग खरवडून उघड्या पत्र्यावर पक्का बोल्ट. अर्थिंग कच्चं राहिलं की अॅक्सिलरेटर दाबल्याबरोबर गाण्यामागे ‘उंऽऽऽ’ सुरू होतं.

स्पीकरचं तर बाबांच्या ऑडिओग्रामवरच ठरवलं. पुढच्या दारात साडेसहा इंची कम्पोनंट सेट. त्यातला ट्वीटर वेगळा असतो, तो वर, ड्रायव्हरच्या कानाच्या दिशेने वळवून लावला. बारीक आवाज टॉर्चच्या झोतासारखे सरळ जातात. पायाजवळ लावले तर गुडघ्यांना ऐकू येतात! बेस थोडा उतरवला. सबवूफरला रामराम.

एक अट मात्र बाबांची होती. “गाडी फाडायची नाही.” म्हणून डॅशबोर्डला करवत लागली नाही. जुना कॅसेट प्लेअर शोभेला जागच्या जागी, ब्लूटूथचा रिसीव्हर ग्लोव्ह बॉक्समध्ये, स्पीकरला प्लायवूडच्या रिंगा. उद्या वाटलं तर सगळं काढून गाडी होती तशी करता येईल. जुनी गाडी असलेल्या प्रत्येकाने ही अट घालावी. कापलेला डॅशबोर्ड परत उगवत नाही.

वाढदिवस रविवारी होता. सकाळी सहाला निघालो. नगर नाका, छावणी, पडेगाव. बाबा ड्रायव्हिंग सीटवर, कानात नवंकोरं हिअरिंग एड. ते घालायला आठवडाभर कुरकुर झाली होती, पण ‘नाहीतर सिस्टिम वाया जाईल’ म्हटल्यावर पठ्ठ्या तयार झाला. मी फोनवर त्यांच्या आवडीची आशाताईंची लिस्ट लावली आणि सवयीने आवाज फुल्ल वाढवला. घरी टीव्हीला लागतो तेवढा.

दौलताबादची तटबंदी दिसायला लागली तसं बाबांनी गाडी बाजूला घेतली. माझ्या पोटात गोळा. आवडलं नाही? वायर जळाली?

“आवाज कमी कर जरा,” बाबा म्हणाले.

किती वर्षांनी हे वाक्य ऐकलं देवा! मी कमी केला. “अजून थोडा.” अजून कमी केला. ते काही वेळ नुसते ऐकत बसले. मग म्हणाले, “शब्द कळतायत गं.”

पुढे घाट, खुलताबाद, वेरूळ. वाटेत बाबा बोलत होते. प्रेस शॉपबद्दल, पहिल्या पगाराबद्दल, ही गाडी घेतली तेव्हा आजोबा कसे चिडले होते त्याबद्दल. गाणी मागे हळू वाजत होती. परत आल्यावर कॉन्टेसा विकायचा विषय निघाला नाही. 2027 च्या पासिंगसाठी मी एक डबा केलाय, त्यात महिन्याला पाचशे रुपये टाकते.

आणि हो, हा कॉलम तुम्ही इअरफोन लावून वाचताय ना? अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या हिशोबाने 85 डेसिबल आवाजात दिवसाला आठ तास चालतात. पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे 94 ला फक्त एक तास. बाबांना प्रेस शॉपमध्ये चॉइस नव्हता. आपल्याला आहे.

दोन पॉइंट कमी करा बघू. आत्ताच!