काम पोचलं, पैसे अडकले : सीमेवरच्या फ्रीलान्सरने दाद कुठे मागायची?

असीरगड (जि. बुऱ्हाणपूर) : इंदूर-इच्छापूर महामार्गावर, बुऱ्हाणपूरपासून वीसेक किलोमीटरवर असीरगडचा किल्ला आहे. नर्मदेच्या खोऱ्यातून सातपुडा ओलांडून तापीकडे उतरणाऱ्या वाटेवर त्याचा पहारा. म्हणून त्याला 'दख्खनचा दरवाजा' म्हणतात. १६०१ मध्ये तो हाती आला तेव्हा अकबराची दक्षिणेची वाट मोकळी झाली. दरवाजा ज्याच्या ताब्यात, वाटेचे नियमही त्याचेच, हा या किल्ल्याचा साधा धडा.

आज याच किल्ल्याच्या पायथ्याशी लॅपटॉप घेऊन बसलेल्या पोराला पुण्याच्या दवाखान्याचे, दुबईच्या दुकानाचे किंवा अमेरिकेतल्या कंपनीचे सॉफ्टवेअर करून देता येते. नोकरीसाठी पुणे-इंदूर गाठायची सक्ती राहिलेली नाही. पण काम बाहेर जाताना आणि पैसा आत येताना दरवाजे लागतातच. अपवर्क, फायवर, फ्रीलान्सर यांसारखे ऑनलाइन मंच हे त्यातले सर्वांत मोठे. ओळखीपाळखीने मिळणारा स्थानिक ग्राहक हा दुसरा दरवाजा. पैसे अडकले की दोन्हीकडे दाद मागायची जागा वेगवेगळी आहे. आणि ती कुठली, हे बहुतेकांना भांडण झाल्यावरच कळते.

डिलिव्हरी बॉयच्या पलीकडची गिग

गिग कामगार म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो जेवणाची पिशवी घेऊन धावणारा दुचाकीस्वार. पण नीती आयोगाच्या जून २०२२ च्या अहवालात गिगमध्ये कुशल कामही मोजलेले आहे. त्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात ७७ लाख गिग कामगार होते आणि २०२९-३० पर्यंत ही संख्या २ कोटी ३५ लाखांवर जाईल. यातले सुमारे २२ टक्के काम उच्च कौशल्याचे होते. घरी बसून सॉफ्टवेअर करणारा याच गटात मोडतो.

बुऱ्हाणपूरला हा हिशेब नवा वाटू नये. इथल्या पॉवरलूमवर जॉबवर्कची पद्धत जुनी आहे. सूत व्यापाऱ्याचे, माग आपला, मजुरी मीटरवर. मागणी पडली की माग बंद, कापडात खोट निघाली की मजुरी कापली. फ्रीलान्स डेव्हलपरचे गणितही असेच आहे. लॅपटॉप त्याचा, वीज त्याची, इंटरनेट त्याचे आणि जोखीमही त्याची. फरक इतकाच की पॉवरलूमवाल्याला व्यापाऱ्याच्या पेढीवर जाऊन बसता येते. डेव्हलपरचा व्यापारी फोन उचलायचा बंद झाला की संपले.

बाजारही त्यांचा, कोर्टही त्यांचे

परदेशी मंचावर काम घेणाऱ्याचा पहिला खर्च कामाआधीच सुरू होतो. अपवर्कवर एखाद्या कामासाठी अर्ज करायचा तर 'कनेक्ट्स' विकत घ्यावे लागतात. काम मिळो न मिळो, ते खर्च होतात. मिळाले तर कमिशन. अपवर्कने मे २०२३ मध्ये सरसकट १० टक्के दर केला होता. मे २०२५ पासून नव्या करारांना शून्य ते १५ टक्क्यांपर्यंत बदलता दर आहे. फायवर २० टक्के कापून घेते. म्हणजे १०० डॉलरचे काम केले तर हाती ८० डॉलर, त्यातून पुढे रुपयांत बदलताना होणारी कपात वेगळी.

पण कमिशन हा खरा प्रश्न नाही. दलाली मंडईतही द्यावी लागते. खरा प्रश्न आहे भांडणाचा. मंचावर ग्राहकाचे पैसे आधी मंचाकडे जमा होतात, कामाचे पुरावे मंचाकडे असतात आणि तक्रारही मंचच ऐकतो. तासावर काम घेतले तर अपवर्कचे ॲप साधारण दर दहा मिनिटांनी स्क्रीनचे छायाचित्र काढते. हा पहारा अनेकांना जाचक वाटतो, पण ग्राहकाने तास नाकारले तर तोच पुरावा उपयोगी पडतो. ठरीव रकमेचे काम असेल तर पूर्ण काम सादर केल्यावर ग्राहकाला तपासायला १४ दिवस मिळतात. तो गप्प बसला तर रक्कम आपोआप सुटते. वाद झाला तर आधी मध्यस्थी होते. ती कुणावर बंधनकारक नसते. त्यापुढे लवाद, आणि त्याचे शुल्क. छोट्या कामासाठी ते परवडत नाही, म्हणून बहुतेक जण अर्ध्यावर तडजोड करतात.

इथेच अवघड ग्राहकाला जोर मिळतो. शेवटच्या टप्प्यावर तो म्हणतो, "एवढं एक फीचर टाकून दे, नाहीतर एक स्टार." रेटिंग पडले की पुढची कामे दिसेनाशी होतात, हे दोघांनाही ठाऊक असते. म्हणून फुकटचे काम होते. खाते बंद झाले तर वर्षानुवर्षे कमावलेले रेटिंगही त्याबरोबर जाते, कारण ते दुसऱ्या मंचावर नेता येत नाही. या भांडणात बुऱ्हाणपूरचे कोर्ट कागदोपत्री आहे, पण परदेशातल्या ग्राहकाविरुद्ध चारशे डॉलरसाठी ते गाठणे व्यवहारात शक्य नाही. तिथे मंचाचे नियम हाच कायदा. ते नियम काम घ्यायच्या आधी वाचणे आणि बोलणे, फाइली, मंजुरी सगळे मंचावरच ठेवणे, एवढेच हातात राहते. "व्हॉट्सॲपवर बोलू, कमिशन वाचेल" असे म्हणणारा ग्राहक दहा टक्के वाचवतो, पण त्याच क्षणी डेव्हलपरचे एकमेव कोर्टही बंद करतो.

ओळखीचा ग्राहक, बेभरवशाचे पैसे

दुसरा दरवाजा घरचा. समजा, असीरगडच्या एका मुलाने रावेरच्या केळी व्यापाऱ्यासाठी हिशेबाचे ॲप केले. ठरले ६० हजार. करार तोंडी, कारण व्यापारी मामाच्या ओळखीचा. १० हजार आगाऊ मिळाले. दोन महिन्यांत ॲप सुरू झाले, रोजच्या गाड्यांची नोंद त्यात होऊ लागली. बाकीचे ५० हजार मागितले की उत्तर येते, "भाऊ, थोडं काम बाकी आहे ना अजून. ते करून दे, मग एकदमच बघू." चार महिन्यांनी तोच व्यापारी म्हणतो, "मला तर ॲप पसंतच नव्हतं."

अशा वेळी मुलगा दोनच गोष्टी करतो. पैसे सोडून देतो, किंवा रागाने ॲप बंद पाडतो. दुसरी चूक पहिलीपेक्षा महाग पडू शकते. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणक यंत्रणेत शिरणे, ती बंद पाडणे किंवा माहिती पुसणे हे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ मध्ये येते. वाईट हेतूने केले असेल तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पैसे बुडालेला माणूसच आरोपी व्हायचा.

तिसरी वाट आहे, आणि ती फारशी वापरली जात नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा २००६ फक्त कारखान्यांसाठी आहे असा समज आहे. तो सेवा देणाऱ्यांनाही लागू होतो, आणि एकटा डेव्हलपरही 'उद्यम' पोर्टलवर मोफत नोंदणी करून सूक्ष्म उद्योग होऊ शकतो. या कायद्यातल्या चार गोष्टी रावेरच्या त्या व्यवहाराला सरळ लागू पडतात.

एक, लेखी करार असला तरी पैसे द्यायची मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. दोन, काम मिळाल्यापासून १५ दिवसांत ग्राहकाने लेखी हरकत घेतली नाही, तर काम मिळाले त्या दिवशीच स्वीकारले असे धरले जाते. "पसंतच नव्हतं" हे चार महिन्यांनी म्हणून चालत नाही. तीन, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ व्याज. चार, तक्रार सुविधा परिषदेकडे करता येते, आणि त्यासाठी २०१७ मध्ये 'समाधान' पोर्टल सुरू झाले.

राज्याची सीमा इथे उलटी उपयोगी

सीमेवरच्या वाचकांसाठी यातले कलम १८ सर्वांत महत्त्वाचे. परिषद विक्रेता ज्या राज्यात आहे तिथली असते, ग्राहक भारतात कुठेही असो. म्हणजे असीरगडच्या मुलाला जळगाव किंवा पुण्याला खेटे घालायची गरज नाही. मध्य प्रदेशाच्या परिषदेकडे त्याची तक्रार चालते आणि रावेरच्या व्यापाऱ्याला तिथे उत्तर द्यावे लागते. उलट बाजूनेही तसेच. मुक्ताईनगरच्या डेव्हलपरचे पैसे बुऱ्हाणपूरच्या ग्राहकाने अडवले तर दाद महाराष्ट्राच्या परिषदेकडे. निकालाला आव्हान द्यायचे तर ग्राहकाला निकालातील ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते.

कायद्यात ९० दिवसांत निर्णयाची तरतूद आहे. प्रत्यक्षात तारखा लांबतात. तरीही नोटिशीचा धाक वेगळा असतो. शिवाय २०२३-२४ पासून प्राप्तिकरात केलेल्या बदलानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे मुदतीत न देणाऱ्या व्यावसायिकाला तो खर्च त्या वर्षी वजा करून दाखवता येत नाही. ही गोष्ट ग्राहकाच्या सीएला लगेच कळते.

एक अट मात्र लक्षात ठेवायला हवी. नोंदणी काम घेण्याआधीची हवी. महाकाली फूड्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये म्हटले की, व्यवहार झाल्यावर नोंदणी करून मागच्या व्यवहारासाठी या कायद्याचा लाभ मागता येणार नाही. आग लागल्यावर विहीर खणून उपयोग नाही, ती ही गोष्ट.

जीएसटीबद्दलही सीमाभागात घोळ आहे. "दुसऱ्या राज्यात काम देतोस, मग जीएसटी नंबर पाहिजेच," असे ग्राहक सांगतो. वस्तूंबाबत हे साधारण खरे आहे. सेवांबाबत ऑक्टोबर २०१७ पासून सूट आहे. वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर राज्याबाहेर सेवा दिली म्हणून नोंदणी सक्तीची होत नाही. परदेशी कामाची रक्कमही या २० लाखांत मोजली जाते, एवढे ध्यानात ठेवायचे.

कोड कुणाचा?

आणखी एक हत्यार वापराविना पडून असते. कॉपीराइट कायदा १९५७ नुसार संगणक प्रोग्राम ही साहित्यकृती मानली जाते आणि तिचा पहिला मालक तो लिहिणारा. नोकरीत लिहिलेला कोड मालकाचा होतो, पण फ्रीलान्सर नोकर नसतो. त्याच्या कोडचा हक्क ग्राहकाकडे जायला सहीचा लेखी कागद लागतो. त्या कागदात 'पूर्ण पैसे मिळाल्यावर हक्क हस्तांतरित होईल' हे एक वाक्य असले, तर ५० हजार अडवणाऱ्या ग्राहकाकडे ॲप असते पण त्याची मालकी नसते. मोठे मंचही आपल्या ठरीव अटींत हेच तत्त्व पाळतात. तोंडी व्यवहारात हे वाक्य लिहायचे राहून जाते.

सरकारच्या यादीत आहेत, चर्चेत नाहीत

सामाजिक सुरक्षा संहिता २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात गिग कामगाराची व्याख्या आहे. मंच चालवणाऱ्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कामगारांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यायची आहे, कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या पाच टक्क्यांच्या मर्यादेत. तिच्या सातव्या परिशिष्टात 'व्यावसायिक सेवा' पुरवणारे मंचही आहेत. म्हणजे डेव्हलपर व्याख्येत बसतो. पण आरोग्य आणि अपघात विम्याच्या पुढे त्याची मोठी गरज आहे वेळेवर मोबदल्याची, आणि त्याबद्दल संहितेतली गिग कामगारांची तरतूद काही बोलत नाही.

न्यूयॉर्क शहराने फ्रीलान्सरांसाठी स्वतंत्र कायदा मे २०१७ मध्येच लागू केला. ८०० डॉलर किंवा त्याहून मोठ्या कामाला लेखी करार सक्तीचा आणि तारीख ठरली नसेल तर काम संपल्यापासून ३० दिवसांत पैसे. पुढे न्यूयॉर्क राज्य, इलिनॉय आणि कॅलिफोर्नियानेही तसे कायदे केले. भारतात त्याच्या जवळ जाणारा कायदा २००६ पासून आहे, फक्त तो 'उद्योगा'च्या नावाखाली असल्याने लॅपटॉपवाल्या पोराला तो आपला वाटत नाही.

हे अंतर कमी करायला मोठा निधी लागत नाही. रावेर-बुऱ्हाणपूरच्या कॉलेजांत कोडिंग शिकवताना एक तास करारावर घेता येईल. दोन्ही बाजूंच्या जिल्हा उद्योग केंद्रांना पॉवरलूम आणि केळी प्रक्रियेबरोबर सॉफ्टवेअरवाल्यांचीही उद्यम नोंदणी शिबिरे भरवता येतील. आणि फ्रीलान्सरला स्वतःला करण्यासारखे आजच्या आज आहे : उद्यम नोंदणी, एका पानाचा करार, तिसरा हिस्सा आगाऊ, काम दिल्याची तारीख ईमेलवर आणि मालकीचे ते एक वाक्य. मामाच्या ओळखीचा ग्राहक असला तरी कागद मागितल्याने नाते तुटत नाही. चार महिने पैसे अडकले की मात्र नक्की तुटते.