डोंगरावरचे घर आणि वर जाणारा रस्ता

डोंगरउतारावर घरबांधणीची योजना येते तेव्हा नकाशावर रस्ता असतोच. भर पावसात, रात्री त्या रस्त्याने रुग्णवाहिका वर पोचेल काय, हे मात्र कोणी पाहत नाही.

30 जुलै 2014 रोजी माळीण गाव दरडीखाली गाडले गेले. दीडशेवर माणसे दगावली. गाव नाहीसे झाल्याची खबर दिली ती एस.टी.च्या चालकाने. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. तेथे गाडीरस्ताच नव्हता. यंत्रे वर जाईनात, माती हातांनी उपसावी लागली. या आदिवासींच्या जुन्या वस्त्या होत्या. नव्या योजनेला जागा निवडण्याची मोकळीक असते.

पावसाळ्यात घाटातल्या रुळांवर आमचा गस्तवाला रात्रभर फिरतो. रुळांसाठी ही दक्षता, मग घरांसाठी का नाही?

आमची मागणी साधी आहे. मंजुरीपूर्वी उतार, पाण्याचा निचरा आणि रस्ता यांची तपासणी प्रत्यक्ष जागेवर व्हावी व अहवाल लोकांपुढे ठेवावा. स्वस्त घराच्या आशेने वर जाणारा कामगारच असतो. अहवाल हाती आल्यावाचून आपल्या गृहनिर्माण संस्थांनी एक पैसाही भरू नये.