आठवीचा निरोपसमारंभ असावा काय?

आठवी पूर्ण करून निघणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी पदवीदानासारखा सोहळा करावा, झगे व टोप्या घालून त्यांना प्रमाणपत्रे द्यावीत, अशी हौस अलीकडे काही शाळांत दिसू लागली आहे. मुलांच्या आनंदास विरोध करणे कोणासही रुचणार नाही. तथापि या प्रश्नाचा शांतपणे विचार व्हावा, असे आम्हांस वाटते.

निरोपाचा विधी आपणांस परका नाही. गुरुगृहीचे अध्ययन संपवून परतणाऱ्या शिष्याचा समावर्तन संस्कार होत असे, आणि तैत्तिरीय उपनिषदातील गुरूचा त्या प्रसंगीचा उपदेश प्रसिद्धच आहे. परंतु तो विधी अध्ययन पुरे झाल्यावर होई, अर्ध्या वाटेवर नव्हे. मुंबई इलाख्यात एके काळी सातवीच्या अखेरीस व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा असे. ती उत्तीर्ण होणाऱ्यास प्राथमिक शिक्षकाची नोकरी मिळू शके. आज आठवीच्या दाखल्याने असे कोणते दार उघडते?

खरी चिंता येथेच आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आरंभिला व १९०६ साली तो साऱ्या बडोदे संस्थानास लागू केला. देशभर मात्र शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. तो ६ ते १४ वर्षांच्या मुलांना आठवीपर्यंतच मोफत शिक्षणाची हमी देतो. म्हणजे जेथे ही हमी संपते, नेमक्या त्याच जागी आपण समाप्तीचा सोहळा करणार! ज्या घरात पैशाची ओढ आहे, तेथे 'पोरगा पुरेसा शिकला, आता कामाला लागू दे' किंवा 'मुलीला आता कशाला शाळा?' असे म्हणणाऱ्यांस हे प्रमाणपत्र आयतेच निमित्त होईल. शिवाय झग्याच्या भाड्याचा व छायाचित्रांचा खर्च त्याच घरावर पडेल.

यावर कोणी म्हणेल, की ज्या शाळा आठवीपर्यंतच आहेत, तेथील मुलांनी निरोपावाचूनच जावे काय? मुळीच नाही. आठ वर्षे ज्या गुरुजनांनी हात धरून लिहावयास शिकविले, त्यांना नमस्कार करून निघणे हा संस्कारच आहे. आमचा आक्षेप निरोपास नसून पदवीच्या सोंगास आहे.

म्हणून आमची सूचना अशी : शाळेच्याच प्रांगणात, नेहमीच्या गणवेषात, एका सायंकाळी मुलांना निरोप द्यावा. पदवीऐवजी प्रत्येकाचे नाव व तो नववीसाठी जाणार असलेल्या शाळेचे नाव वाचून दाखवावे. त्यापूर्वीच वर्गशिक्षकांनी ही यादी तयार करावी. ज्याच्या नावापुढे जागा रिकामी राहील, त्याच्या घरी जावे आणि ती जागा भरल्यावाचून स्वस्थ बसू नये. सोहळ्याचा खर्च वाचेल, तो अशा मुलाच्या पुस्तकांस लागावा.

आपले प्रतापनगर रेल्वेचे. येथून एके काळी अरुंद मापाची गाडी डभोईस जात असे. वाटेवरच्या स्थानकावर गाडी घटकाभर थांबते. पण म्हणून प्रवास संपला, असे कोणी मानीत नाही. आठवी हे असेच एक स्थानक आहे. तेथे एकही मूल गाडीखाली उतरून मागे राहू नये, हीच आमची इच्छा.